मॅकबेथ : इतिहासातील राजा आणि शोकांतिकेतील अपराधी

शेक्सपिअरच्या चार श्रेष्ठ शोकांतिकांमध्ये ‘मॅकबेथ’ ही आकाराने सर्वांत लहान आहे. ‘हॅम्लेट’च्या जवळजवळ निम्म्या विस्तारात ती आटोपते. तिचे कथानकही एका वाक्यात सांगता येण्याजोगे आहे. एक पराक्रमी सरदार आपल्या राजाचा खून करून गादी बळकावतो, ती टिकविण्यासाठी आणखी खून पाडतो आणि अखेरीस स्वतः मारला जातो. अशा रीतीने राज्य मिळविणारे पुरुष कोणत्याही देशाच्या इतिहासात थोडेथोडके नाहीत. त्यांच्या लढायांची, तहांची व मृत्यूची नोंद दप्तरांत सापडते. परंतु खुनानंतरच्या रात्री त्यांना झोप लागली की नाही, याची नोंद कोणत्याही दप्तरात नसते. जी नोंद इतिहासाला ठेवता येत नाही, ती ठेवण्याचे काम या नाटकाने केले आहे.

येथे एक विलक्षण गोष्ट लक्षात घ्यावी लागते. ज्या स्कॉटिश राजाच्या नावावर हे नाटक उभे आहे, त्याच्या ज्ञात चरित्रात या अपराधभावाचा मागमूसही नाही. मग हा अपराधभाव आला कोठून? नाटककाराने तो या राजाच्या माथी का मारला? आणि राजाचा अधःपात म्हणजे नेमके काय, याचे कोणते उत्तर त्यातून मिळते? या प्रश्नांचा मागोवा घेतल्यास इतिहास आणि शोकांतिका यांचे नातेही स्पष्ट होते.

इतिहासातील मॅकबेथ

अकराव्या शतकातील स्कॉटलंडमध्ये राजाच्या मागे त्याच्या ज्येष्ठ पुत्राने गादीवर बसावे, हा नियम पक्का झालेला नव्हता. राजघराण्याच्या निरनिराळ्या शाखांतील कर्त्या पुरुषाकडे राज्य जाई, आणि ते जाताना बहुधा रक्तपात होई. डंकनचा आजोबा दुसरा माल्कम हाही १००५ मध्ये आपल्या पूर्वीच्या राजाला ठार करूनच गादीवर आला होता. डंकनला १०३४ मध्ये राज्य मिळाले. नाटकात दिसतो तसा तो वयोवृद्ध, शुभ्रकेशी राजा नव्हता. १०४० च्या उन्हाळ्यात तो सैन्य घेऊन उत्तरेकडील मोरे प्रांतावर चालून गेला आणि १४ ऑगस्ट रोजी एल्गिनजवळ त्या प्रांताचा अधिपती मॅकबेथ याच्या हातून मारला गेला. पाहुणा म्हणून आलेल्या राजाला शयनगृहात झोपेत भोसकण्याचा प्रसंग येथे घडलेलाच नाही.

मॅकबेथची पत्नी ग्रूओख ही स्वतः राजघराण्यातील होती. तिचा पहिला नवरा १०३२ मध्ये जाळून मारला गेला होता, आणि त्याच्यापासून झालेला लुलाख नावाचा मुलगा मॅकबेथच्या आश्रयाला वाढत होता. मॅकबेथने सतरा वर्षे राज्य केले. १०५० मध्ये तो रोमच्या यात्रेस गेला व तेथे त्याने गोरगरिबांना सढळ हाताने दानधर्म केला, अशी नोंद एका समकालीन आयरिश धर्मोपदेशकाने करून ठेवली आहे. ज्या राजाला आपल्या पाठीमागे गादी सुरक्षित राहील असा भरवसा नाही, तो महिनोन्‌महिने राज्य सोडून परदेशी जात नाही. १०५४ मध्ये नॉर्थम्ब्रियाचा सरदार सिवर्ड याने स्वारी केली. १०५७ मध्ये लुम्फनन येथे मॅकबेथ मारला गेला. त्याच्यामागे लुलाख काही महिने गादीवर होता, आणि १०५८ मध्ये डंकनचा मुलगा माल्कम राजा झाला. एकूण पाहता त्या काळच्या मानाने हा राजा क्रूर नव्हता. कदाचित बराही होता.

राजाचा खलनायक कसा झाला

राज्य माल्कमच्या वंशजांकडे राहिले, आणि इतिहासही त्यांच्याच आश्रयाने लिहिला गेला. वंशाच्या मूळ पुरुषाच्या बापाला मारणारा तो गादीचा चोर, हे मग ओघानेच आले. पुढील शतकांतील बखरकारांनी त्यात भविष्य सांगणाऱ्या तीन स्त्रिया आणल्या. १५२७ मध्ये हेक्टर बोएस याने लॅटिनमध्ये लिहिलेल्या स्कॉटलंडच्या इतिहासात बँको हा सरदार प्रथम अवतरला आणि स्ट्यूअर्ट राजघराण्याचा मूळ पुरुष ठरला. बँको नावाची व्यक्ती प्रत्यक्षात होऊन गेल्याचा पुरावा नाही. ही सारी सामग्री होलिन्शेडच्या इंग्रजी बखरीत उतरली. तिची १५८७ ची दुसरी आवृत्ती शेक्सपिअरच्या हाताशी होती.

होलिन्शेडचा मॅकबेथ आणि नाटकातील मॅकबेथ यांतील फरक मोठे बोलके आहेत. बखरीत मॅकबेथ डंकनला मारतो तो बँकोसारख्या साथीदारांच्या संमतीने. नंतर तो तब्बल दहा वर्षे उत्तम राज्य करतो, चोर-दरोडेखोरांचा बंदोबस्त करतो आणि चांगले कायदे करतो. त्या कायद्यांची यादीही बखरकाराने दिली आहे. त्याच्या पत्नीचा उल्लेख तर राणीपदाची हाव असलेली स्त्री म्हणून एखाद्या वाक्यापुरताच येतो.

मग खुनाची ती काळरात्र आली कोठून? त्याच बखरीच्या दुसऱ्या पानांवरून. डफ नावाचा एक पूर्वीचा राजा फॉरेसच्या किल्ल्यात उतरला असता डॉनवाल्ड या किल्लेदाराने पत्नीच्या चिथावणीवरून त्याचा झोपेत खून करविला. राजाच्या सेवकांना मद्य पाजून बेशुद्ध केले, आणि सकाळी संतापाचे सोंग आणून त्यांनाच ठार केले. नाटकातील दुसऱ्या अंकाचा सांगाडा तो हाच. आणि निद्रानाश? तोही केनेथ या आणखी एका राजाचा. त्याने आपल्या मुलाला राज्य मिळावे म्हणून पुतण्याला विष घातले. पुढे तो राज्य नीट चालवीत असतानाही एके रात्री त्याच्या कानी एक वाणी पडली, की तुझे पाप देवापासून लपलेले नाही. त्यानंतर त्याला धड झोप लागली नाही.

शेक्सपिअरने एका राजाचा खून, दुसऱ्या राजाचे जागरण आणि तिसऱ्याचे नाव एकत्र आणले. यासोबत त्याने मॅकबेथची सुराज्याची दहा वर्षे पुसून टाकली. नाटकात डंकनच्या खुनापासून बँकोच्या खुनापर्यंत जणू काही दिवसच जातात. बखरीच्या मते मनुष्य पाप करूनही दहा वर्षे चांगला राजा राहू शकतो. शोकांतिकेच्या मते त्याला दहा दिवसही मिळत नाहीत.

बँकोला निर्दोष ठरविण्यामागे राजकारण होते, हे उघड आहे. १६०३ मध्ये स्कॉटलंडचा जेम्स इंग्लंडच्या गादीवर बसला आणि शेक्सपिअरची नाटकमंडळी त्याच्या आश्रयाखाली आली. जेम्स स्वतःला बँकोचा वंशज मानी. नोव्हेंबर १६०५ मध्ये राजासह पार्लमेंट दारूने उडवून देण्याचा कट उघडकीस आला होता. या वातावरणात, बहुधा १६०६ मध्ये, रचलेल्या नाटकात राजाच्या पूर्वजाला राजहत्येत सामील दाखविणे शक्यच नव्हते. पण या सक्तीतूनच नाटककाराने मोठा लाभ करून घेतला. तेच भविष्य, त्याच माळावर, त्याच क्षणी बँकोही ऐकतो, पण त्याचा हात शस्त्राकडे जात नाही. त्यामुळे चेटकिणींच्या भविष्याची सबब मॅकबेथला उरत नाही. त्यांनी राज्य मिळेल असे सांगितले; खून कर, असे सांगितलेले नाही. तो शब्द त्याचा त्याच्याच मनातून आला.

तीन खून, तीन पायऱ्या

नाटकातील अधःपात तीन खुनांच्या तीन पायऱ्यांनी मोजता येतो. पहिल्या खुनापूर्वी मॅकबेथ जेवढा विचार करतो, तेवढा पुढे कधीच करीत नाही. डंकन आपला आप्त आहे, आपला राजा आहे, आणि आज आपल्या घरचा पाहुणा आहे. ज्याने दार लावून मारेकऱ्याला बाहेर ठेवायचे, त्यानेच हाती शस्त्र कसे घ्यावे? शिवाय हा राजा सौम्य व निष्कलंक आहे. सगळी कारणे खुनाच्या विरुद्ध. बाजूने फक्त महत्त्वाकांक्षा. इतका स्वच्छ विवेक असलेला मनुष्य ते कृत्य करतो, हेच भयंकर आहे. पाप म्हणजे काय हे त्याला कळत नाही असे नव्हे. कळून सवरून तो त्यात पाय टाकतो. खून होताच त्याला बाधते ते पकडले जाण्याचे भय नव्हे. शेजारच्या खोलीतील माणसांनी झोपेत देवाचे नाव घेतले, तेव्हा ‘आमेन’ हा शब्द आपल्या ओठांवर का आला नाही, हे त्याला कळेना. त्याने झोपेचाच खून केला आहे, असे सांगणारा आवाज त्याला ऐकू येतो. हातांवरचे रक्त धुण्यास समुद्र पुरणार नाही, असे त्याला वाटते. आणि थोडे पाणी पुरेल, असे त्याची पत्नी म्हणते.

याच वेळी दारावर थापा पडू लागतात. त्या थापांचा मनावर एवढा परिणाम का व्हावा, या प्रश्नावर डी क्विन्सीने १८२३ मध्ये एक प्रसिद्ध निबंध लिहिला. खुनाच्या क्षणी माणसांचे जग थांबलेले असते. त्या थापांनी ते पुन्हा सुरू होते आणि मधल्या काळात काय घडले याची भीषणता तेव्हाच जाणवते, हे त्याचे उत्तर आजही पटते.

दुसरा खून बँकोचा. या वेळी मॅकबेथ स्वतःचा हात वापरीत नाही. भाडोत्री माणसे बोलावतो. त्यांना चिथावताना तो त्यांच्या मर्दपणाला डिवचतो. हेच शस्त्र पहिल्या खुनाच्या वेळी त्याच्या पत्नीने त्याच्यावर चालविले होते. ज्याने तो घायाळ झाला, तेच तो आता इतरांवर वापरतो. या बेताचा थांगपत्ता तो पत्नीलाही लागू देत नाही. खाई त्याला खवखवे, या न्यायाने मेजवानीत बँकोचे रक्ताळलेले भूत फक्त त्यालाच दिसते आणि भरल्या दरबारात त्याची त्रेधा उडते. परंतु सरदार निघून गेल्यावर त्याने काढलेला निष्कर्ष मात्र पश्चात्तापाचा नाही. रक्ताच्या नदीत आपण इतके आत आलो आहोत, की मागे फिरणे पुढे जाण्याइतकेच कष्टाचे, असा तो हिशेब मांडतो. सदसद्विवेकाच्या जागी आता सोयीचा हिशेब आला आहे.

तिसरा खून मॅकडफची पत्नी व मुले यांचा. मॅकडफ स्वतः इंग्लंडला निघून गेला आहे. त्याच्या घरच्या निरपराध माणसांना मारून गादी तसूभरही सुरक्षित होणार नाही. येथे महत्त्वाकांक्षाही नाही आणि भीतीलाही अर्थ नाही. मनात आले की हात चालला पाहिजे, एवढाच त्याचा निश्चय आहे. पहिल्या खुनाच्या वेळी विचार आणि कृती यांमध्ये एक अख्खी रात्र होती. आता त्यांत अंतर उरलेले नाही. ज्या अंतरात माणसाचे माणूसपण राहते, ते अंतरच नाहीसे झाले आहे.

शेवटी वेढा पडलेल्या किल्ल्यात स्त्रियांचा आक्रोश ऐकू येतो, तेव्हा मॅकबेथच्या लक्षात येते की एके काळी रात्रीच्या किंकाळीने आपले अंग शहारत असे, आता काहीच होत नाही. पत्नीच्या मृत्यूची वार्ता ऐकून तो धड शोकही करू शकत नाही. भीती गेली म्हणजे मनुष्य शूर झाला असे नव्हे. त्याच्यातले काही मेले, असे येथे समजावे. अपराधाची टोचणी हे शासन आहे असे आपण मानतो. या नाटकात मात्र ती टोचणी हाच मॅकबेथचा अखेरचा ठेवा आहे, आणि ती बोथट होणे हा त्याचा खरा सर्वनाश आहे. तरी ती पुरती विझत नाही. रणांगणात मॅकडफ समोर येताच तो त्याला टाळू पाहतो. तुझ्या घरच्या रक्ताचा भार माझ्यावर आधीच फार आहे, अशा अर्थाचे शब्द त्याच्या तोंडून निघतात. मरणापूर्वीचा तो एक क्षण जुन्या मॅकबेथचा आहे.

राणीचा दिवा

लेडी मॅकबेथचा प्रवास नेमका उलट दिशेने होतो. प्रारंभी पती डळमळतो आणि ती कठोर असते. तो दगड होत जातो आणि ती आतून खचत जाते. आपल्या सुरीला जखम दिसू नये म्हणून तिने कधी काळोखाला आवाहन केले होते. पाचव्या अंकात मात्र तिच्या आज्ञेवरून तिच्या उशाशी रात्रभर दिवा तेवत असतो. झोपेत चालताना ती हात चोळते. थोड्या पाण्याने जाईल असे वाटलेले रक्त आता साऱ्या अरबस्तानच्या अत्तरांनीही जात नाही. मनी वसे ते स्वप्नी दिसे, ही म्हण एवढ्या भीषण अर्थाने क्वचितच खरी झाली असेल. त्या बडबडीत मॅकडफच्या पत्नीचाही उल्लेख येतो. जो खून करताना पतीने तिला विचारलेही नाही, त्याचाही भार तिने आपल्या माथ्यावर घेतला आहे. हा प्रवेश बखरीत नाही. तो सर्वस्वी शेक्सपिअरचा आहे.

या प्रवेशातील एक बारीकशी गोष्ट सहसा दुर्लक्षित राहते. राणी झोपेत काय बोलली, हे वैद्याने विचारताच तिची दासी सांगण्यास साफ नकार देते. कारण आपल्या बोलण्याला साक्षीदार नाही. राजवाड्यातील एका साध्या सेविकेलाही खरे बोलण्याचे भय वाटावे, यातच त्या राज्याची अवस्था कळते.

राजाचे पाप, राज्याचे दुखणे

राजाचा अधःपात त्याच्यापुरता राहत नाही, हे या शोकांतिकेचे दुसरे सूत्र. मॅकबेथने प्रत्येक सरदाराच्या घरात एक पगारी हेर ठेवला आहे. लेनॉक्ससारखा सरदार मनातले सरळ बोलत नाही. राजाची स्तुती करीत आहोत असे भासवून उपरोधाने सत्य सुचवितो. शेजारच्या इंग्लंडमध्ये एडवर्ड राजा स्पर्शाने रोग्यांना बरे करतो, असा उल्लेख मुद्दाम आणला आहे. तेथे राजा औषध आहे, येथे राजाच रोग आहे. मॅकबेथ वैद्याला विचारतो, की माझ्या देशाचे दुखणे तुला ओळखता येईल काय? ते दुखणे आपणच आहोत, हे मात्र त्याला उमजत नाही.

या दुखण्यात इतरांचाही वाटा आहे. भविष्य ऐकलेला एकमेव साक्षीदार बँको. मॅकबेथने कपटाने राज्य मिळविले असा त्याला संशय आहे. पण आपल्या वंशाला राज्य मिळण्याचे भविष्यही त्याने ऐकलेले आहे, म्हणून तो गप्प राहतो. मॅकडफ राज्याभिषेकाला जात नाही, पण जाहीरपणे काही बोलतही नाही, आणि पुढे बायकामुलांना मागे ठेवून निघून जातो. ज्या दरबारात राजाला तोंडावर त्याचा अपराध सांगणारा एकही माणूस नाही, तेथे तो सांगण्याचे काम भुतांना करावे लागते.

मराठी रंगभूमी आणि शनिवारवाडा

मराठी माणसाला या नाटकाची ओढ वाटावी, यात नवल नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, पुढे ‘काळ’कर्ते म्हणून गाजलेल्या शिवराम महादेव परांजपे यांनी ‘मानाजीराव’ या नावाने त्याला देशी रूप दिले. १९५४ मध्ये वि. वा. शिरवाडकरांचे ‘राजमुकुट’ आले, आणि दुर्गा खोटे यांनी त्यात राणीची भूमिका केली. परंतु ‘मॅकबेथ’चे सर्वांत खोल पडसाद ज्या नाटकात उमटले, ते रूपांतर नव्हे. ते कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे १९०९ चे ‘भाऊबंदकी’ होय.

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा खून केला, आणि चुलते रघुनाथराव गादीवर आले. आप्ताचा खून, राज्याचा लोभ, पतीच्या मागे उभी असलेली महत्त्वाकांक्षी स्त्री, या साऱ्यांमुळे आनंदीबाई व लेडी मॅकबेथ यांची तुलना समीक्षकांनी वेळोवेळी केली आहे. पण दोन्ही नाटकांतील खरा भेद रामशास्त्री प्रभुणे यांच्या रूपाने उभा राहतो. मॅकबेथच्या दरबारात जो माणूस नव्हता, तो पुण्याच्या दरबारात होता. या खुनाला देहान्त प्रायश्चित्तच आहे, असे न्यायाधीशाने राज्यकर्त्याला तोंडावर सांगितले आणि पुणे सोडले, ही परंपरेने जपलेली आठवण खाडिलकरांनी नाटकाच्या केंद्रस्थानी आणली. शेक्सपिअरकडे सदसद्विवेक राजाच्या मनात कोंडला जाऊन भूत बनतो; मराठी नाटकात तो पागोटे बांधून, भर दरबारात, स्पष्ट शब्दांत बोलतो. त्या निवाड्याप्रमाणे देहदंड झाला नाही, हे खरे. परंतु बारभाईंनी रघुनाथरावांना दूर सारले. ते इंग्रजांच्या आश्रयाला गेले, १७७५ मध्ये सुरतेचा तह झाला, आणि त्यातून पेटलेले युद्ध १७८२ च्या सालबाईच्या तहाने थांबले. एका घरातील पापाची किंमत साऱ्या राज्याने मोजली.

येथेही इतिहास आणि नाटक यांतील अंतर विसरून चालणार नाही. आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला, ही कथा मराठी भाषेत म्हणीसारखी रुजली आहे. पण तो मूळ कागद काही उपलब्ध नाही. ग्रूओख राणीवर जो अन्याय बखरकारांच्या व नाटककाराच्या हातून झाला, तसाच अन्याय आपल्या हातून एखाद्या ऐतिहासिक स्त्रीवर होत नाही ना, हे वाचकाने स्वतःला विचारावयास हवे.

समारोप

ऐतिहासिक मॅकबेथ अपराधी नव्हता असे म्हटल्याने शोकांतिका खोटी ठरत नाही, आणि शोकांतिका थोर आहे म्हणून तिला इतिहासाचा पुरावा मानता येत नाही. एक ग्रंथ काय घडले ते सांगतो. दुसरा, तसे घडले असता माणसाच्या मनाचे काय होते ते सांगतो. ग्रंथालयात इतिहासाचे कपाट आणि नाटकांचे कपाट वेगवेगळे असते ते याचसाठी. मात्र ज्या वाचकाने दोन्ही कपाटांची दारे उघडली, त्यालाच हे समजते की सत्ता माणसाला बिघडविते ती एका रात्रीत नव्हे. पहिल्या चुकीनंतर झोप उडते तोवर परतीची वाट असते. आपल्याला पुन्हा शांत झोप लागू लागली आहे असे अपराध्याला वाटू लागते, आणि त्याच्याभोवतीचे सारे शहाणे लोक गप्प बसतात, तेव्हा ती वाट बंद होते.